चोरचोळीचं माप

मी आर्णीत बायकांचे ब्लाऊज शिवते आणि मी जाड आहे. दोन्ही गोष्टी आधीच सांगून टाकलेल्या बऱ्या, कारण पुढं जे झालं त्यात दोन्हींचा हात आहे. जाड म्हणजे खात्यापित्या घरची वगैरे गोड शब्दांतली नव्हे. मला पाहायला यायचे ते पाहुणे पोहे संपवायचे, चहा प्यायचे, आणि चार दिवसांनी मध्यस्थाकडून निरोप यायचा की पोरगी चांगली हाये, पण आमचा पोरगा तिच्यासमोर लहान दिसते. अशी अकरा स्थळं झाली. बाराव्या वेळी वडील म्हणाले, पोहे राहू द्या, नुसत्या चहावर भागवा. त्यानंतर कोणी आलं नाही. मी शिवणाचा क्लास लावला, मशीन घेतली आणि बसस्टँडमागच्या गल्लीत दुकान टाकलं. काम बसून करायचं, त्यामुळे वाळण्याचा प्रश्नच मिटला.

आई गेली तेव्हा मी सोळा वर्षांची होते आणि माझी बहीण सात. आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाई म्हणतात, तशी ती मला बाई म्हणते, पण खरं तर मीच तिची आई झाले. तिची वेणी घातली मी, तिला शाळेत सोडलं मी, पहिल्यांदा पाळी आली तेव्हा ती रडत आली तीही माझ्याकडेच. आणि तिच्या ताटात किती वाढायचं हे ठरवलंही मीच. अर्धी भाकर, वाटीभर वरण. तिनं दुसऱ्यांदा मागितलं की मी तिच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहायची. "पाह्य माह्याकडं. अशी व्हाचं हाये का तुले?" ती मुकाट्यानं हात धुवायची. मला वाटायचं, मी तिचं कल्याण करते आहे.

कल्याण झालंही म्हणा. ती शेवग्याच्या शेंगेसारखी सरळ वाढली. लग्नाकार्यात बायका आम्हा दोघींकडे आळीपाळीनं पाहायच्या आणि विचारायच्या, "सख्ख्याच ना वं तुम्ही?" मला त्याचा राग येत नसे, उलट छाती फुगायची. पहिल्याच स्थळानं होकार दिला. राळेगाव तालुक्यातलं गाव, घरची जमीन, कापूस, तूर, विहिरीला बारमाही पाणी, आणि मुलगा एकुलता एक. लग्नाचा ब्लाऊज मी मुद्दाम दोन इंच कमी शिवला आणि तिला म्हटलं, महिना आहे तुझ्या हातात, यात मावून दाखव. तिनं मावून दाखवलं. हळदीच्या दिवशी सगळे हूक लागले तेव्हा मी तिची पाठ थोपटली. हाताला मणके लागत होते, आणि मी मूर्ख बाई खूश झाले होते.

तिची सासू वाईट असती तर हे लिहायला सोपं गेलं असतं. पण ती बाई साधी होती. पोटची लेक नव्हती म्हणून सुनेचं कौतुक करायची, तिला शेतात राबवायची नाही, बाजारातून तिच्यासाठी आठवणीनं बांगड्या आणायची. नवराही चांगला. बोलायला कंजूष, पण हात उचलणारा नव्हे. फक्त चार वर्षं झाली तरी मूल झालं नाही.

त्या चार वर्षांत बहिणीनं एकेक उपास धरला. आधी सोमवार, मग गुरुवार, मग चतुर्थी, मग शनिवार. बाकीच्या दिवशी पोटात जळजळ होते, तोंडाला चव नाही, सकाळचं अजून जिरलं नाही. गावात कौतुक झालं. एवढी व्रतं तर जुन्या बायकांनीही केली नसतील, असं सासू मला फोनवर अभिमानानं सांगायची. लेकरासाठी करते आहे बिचारी, देव ऐकेल. एखादी बाई उपाशी आहे म्हटलं तर चार जण विचारपूस करतील, पण उपास आहे म्हटल्यावर कोण काय बोलणार? मीही बोलले नाही.

मला तर दिसत होतं. दर दिवाळीला ती माहेरी यायची ती ब्लाऊजचं बोचकं घेऊनच. "बाई, फिटिंग करून दे." मी बगलेतून शिवण आत घ्यायची. पुढच्या वर्षी पुन्हा तेच ब्लाऊज, पुन्हा आत. मी विचारायची, "जेवतं ना वं बरोबर?" ती म्हणायची, "जेवतो ना." झाली चौकशी. माझ्या दुकानात रोज बायका पोट आत ओढून माप देतात आणि म्हणतात, जरा टाइटच ठेवा. सैल शिवा म्हणणारी बाई मला या धंद्यात एकदाही भेटलेली नाही. तेव्हा हिचं काही वेगळं आहे असं मी मानलंच नाही. मनात कुठंतरी वाटायचं की माझी बहीण जिंकते आहे.

पण जिंकणारी माणसं अशी बसत नाहीत. ती आली की भिंतीला टेकून बसायची ती बसायचीच. टीव्ही लावला तर टीव्हीच्या शेजारच्या भिंतीकडे पाहायची. दुपारी पडली की दिवेलागणीपर्यंत उठायची नाही. उन्हाळ्यात आली तरी पायात मोजे घालायची, थंडी वाजते म्हणून. केस मुठीनं गळायचे, मी झाडू मारताना गोळा करायची. एकदा मी काजं करत होते तर ती मागून म्हणाली, "बाई, मले काहीच वाटत नाई. बरंबी नाई अन् वाईटबी नाई."

"लेकरू झालं का सारं वाटते," मी मान वर न करता सांगितलं. आमच्याकडे बाईच्या कुठल्याही दुखण्यावर हे एकच औषध आहे. डोकं दुखो, नवरा बोलत नसो, जगावंसं वाटत नसो, लेकरू होऊ दे.

मग भाद्रपद आला. गावात शेजारच्या घरी महालक्ष्म्या बसतात, तिथं सवाष्ण म्हणून हिला जेवायचं सांगणं आलं. ज्यांच्याकडे महालक्ष्म्या असतात त्यांना सांगायला नको. त्या दिवशी सवाष्ण म्हणजे लक्ष्मीच जेवायला बसलेली, तिच्या पानात काही उरलं तर लक्ष्मीनं घर नाकारलं असं धरतात. घरधनीण वाढत राहते आणि सवाष्ण नको म्हणत नाही. पुरणपोळ्या, वाटीभर तूप, कढी, आंबील, सोळा भाज्या. बहिणीनं सगळं संपवलं. दोन-दोन घासांवर राहिलेलं पोट ते, किती सहन करणार? घरी आली आणि मागच्या अंगणात भडाभडा ओकली. सासू धावत गेली, पाठ चोळू लागली, आणि चोळता चोळता तिला काहीतरी सुचलं. "काहून वं, पाळी कवा आलती तुह्यी?"

बहिणीनं खरं ते सांगितलं. ज्येष्ठात आली होती, त्यानंतर नाही.

सासूनं तिथंच अंगणात तिची दृष्ट काढली. मला फोन आला तेव्हा ती रडत होती. "पोरी, देवानं ऐकलं. पन कोनाले सांगू नको, नजर लागते."

तुम्ही म्हणाल, आजकाल साधी पट्टी मिळते, गावात आशाताई आहे, दोन मिनिटांचं काम. पण त्या घरानं आधी दोनदा ती पट्टी आणली होती आणि दोनदा तिच्यावर एकच रेघ उमटली होती. सासूनं मनाशी धरलं होतं की पट्टीच अपशकुनी, तिच्यामुळेच होत्याचं नव्हतं होतं. या वेळी पाच महिने भरेपर्यंत पट्टी नाही, डॉक्टर नाही, गावात वाच्यता नाही. आशाताई घरी आली तर तिला चहा पाजून वाटेला लावलं. शहाणी बाई, पण आशेपुढं शहाणपण चालत नाही.

पहिलटकरणीला तिसऱ्या महिन्यात घरातल्या घरात हिरवी चोळी घालतात आणि ओटी भरतात. जगाला कळू द्यायचं नाही म्हणून ती चोरचोळी. ती शिवायचा मान बाळाच्या मावशीचा, असं सासूचं म्हणणं. ती सुनेला घेऊन स्वतः आर्णीला आली. राळेगावहून यवतमाळ, यवतमाळहून आर्णी, दोन एसट्या बदलून. पिशवीतून हिरवं खणाचं कापड काढून तिनं माझ्या टेबलावर ठेवलं आणि बाकावर बसली. मी बहिणीला माप घ्यायला पडद्याआड नेलं.

अठरा वर्षं मी टेप चालवते आहे. पोटुशा बाईचं पोट फार नंतर दिसतं, आधी छाती भरते. दुसऱ्या महिन्यातच जुना ब्लाऊज काचायला लागतो. कित्येक गिऱ्हाइकांचं त्यांच्या सासूच्या आधी मला कळलेलं आहे, आणि मी ते पोटात ठेवलेलं आहे. बहिणीच्या छातीवरून मी टेप फिरवला तर तो दिवाळीपेक्षा कमी भरला. वाटलं, घाईत चुकलं. पुन्हा लावला. मग कंबर घेतली. तीही कमी. टेपखाली बरगड्या लागत होत्या. हे मी कोणापासून लपवणार नाही. मला तिथंच उभ्या उभ्या कळलं की या पोटात काही नाही.

मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. ती हसत होती. माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाली, "बाई, मले भूक लागून राह्यली."

"काय?"

"भूक वं. यवतमाळच्या स्टँडवर आत्याबाईनं समोसे घेऊन देल्ले, मी दोन खाल्ले. दोन! अन् आताबी लागून राह्यली. लेकरू मागते ना."

चार वर्षांत तिच्या तोंडून भूक हा शब्द मी ऐकला नव्हता. माझ्या तोंडात आलेलं मी गिळलं. आज नाही, उद्या सांगू, असं स्वतःला समजावलं. जेवते आहे तर जेवू दे, निदान अंगावर मूठभर मांस येऊ दे. चोळी मी मापापेक्षा दीड इंच मोठी शिवली. बाहेरून सासूनं विचारलं, "माप बरोबर हाये ना वं?" मी म्हटलं, "एकदम बरोबर."

आणि ती जेवली. आश्विन आणि कार्तिक, दोन्ही महिने ती जेवली. त्या दिवसांतला आनंद मला आजही खोटा वाटत नाही. रोज तिचा फोन यायचा आणि त्यात फक्त खाण्याच्या गोष्टी असायच्या. आज दोन भाकरी खाल्ल्या. आज आत्याबाईनं वांग्याचं भरीत केलतं, मी भांडं पुसून खाल्लं. आज चकोल्या. उपास सगळे सुटले, पोटुशीनं उपास करायचा नाही म्हणून सासूनंच सोडवले. एकदा तिला तिळाची चटणी खावीशी वाटली, आमच्या आईच्या हातची असायची तशी. मी बरणी भरून पाठवली. ती चार दिवसांत संपली म्हणून दुसरी पाठवली.

कापूस वेचणी चालू झाली तेव्हा मी तिच्याकडे जाऊन आले. दारातच थबकले. तिच्या गालांना रंग होता. बोलताना हात हलवत होती, शेजारणीच्या नकला करत होती, आणि नवरा कोपऱ्यात बसून हसत होता. हिरवी चोळी तिनं मला घालून दाखवली. बरोबर बसली होती. मी, जिनं माप घेतलं होतं ती मीही, त्या रात्री अंथरुणावर पडून देवाला म्हटलं की माझा टेप खोटा निघू दे. आणि खरं सांगायचं तर मला तो खोटा वाटायलाही लागला होता.

मार्गशीर्ष लागता लागता सकाळी फोन आला. अंगावर जातंय, तिला यवतमाळला घेऊन निघालो. मी दुकान तसंच टाकून पहिली एसटी पकडली. दवाखान्याच्या बाकावर सासू पदराचा बोळा तोंडात धरून बसली होती आणि नवरा भिंतीकडे तोंड करून उभा होता. बहिणीची सोनोग्राफी झाली होती, तिला आत सलाईन लावलं होतं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, पेशंटच्या माहेरचं कोण? मी आत गेले.

"गर्भ नव्हताच," त्या म्हणाल्या. "कधीच नव्हता. ही पाळी आहे." अंगात काही नव्हतं म्हणून पाळी बंद झाली होती, दोन महिने जेवली म्हणून परत आली. त्यांनी मला कागद दाखवला, मला त्यातलं काही कळलं नाही. "ही चांगली खूण आहे, समजतंय ना? अशीच जेवत राहिली तर पुढं मूलही होईल. पण मनाच्या डॉक्टरांना दाखवा. खाण्याचा आजार आहे हा."

खाण्याचा आजार म्हटलं की मला माझीच आठवण येते. न खाण्याचाही असतो आणि त्यानं माणूस मरतं, हे मला चाळिशी ओलांडल्यावर त्या खुर्चीत बसून कळलं. त्यांनी विचारलं, "घरच्यांना मी सांगू?" मी म्हटलं, "नको, मी सांगते." रिपोर्ट दुमडून पर्समध्ये घातला आणि बाहेर आले.

सासू उठून उभी राहिली. तिच्या डोळ्यांत पाहवत नव्हतं. "काय म्हणे वं डाक्टरीन?"

"पडलं, मावशी," मी म्हटलं.

मला ती हुशारी वाटली होती. लेकरू पडलेल्या बाईची लोक कीव करतात, तिला सांभाळतात, पुढच्या खेपेला होईल म्हणतात. पण जिच्या पोटात काही नव्हतंच आणि जिनं दोन महिने अख्ख्या घराकडून लाड करून घेतले, तिला त्या घरात कोण उभं करेल? मला तिचं घर वाचवायचं होतं. एका वाक्यात मी काय करून बसले ते मला तिथं दिसलं नाही.

दिसलं ते आठवड्याभरात. पडलं म्हटलं की का पडलं हे आलंच. आणि का पडलं म्हटलं की आमच्याकडे पहिला प्रश्न, काय खाल्लं? सासूनं तो काही वाईट हेतूनं विचारला नाही, पुढच्या वेळी जपायचं म्हणून विचारला. भेटायला येणाऱ्या प्रत्येक बाईनं विचारला. बहीण अंथरुणावर पडून सांगत राहिली. भरीत खाल्लं, चकोल्या खाल्ल्या, समोसे खाल्ले. बायका माना हलवत राहिल्या. शेवटी तिळाच्या चटणीचं नाव निघालं आणि सगळ्या एकदम बोलल्या. तीळ गरम. दोन बरण्या? अवं माय, मंग कसं ठरन लेकरू! कोणी मला दोष दिला नाही, चटणी पाठवली तिला काय माहीत, एवढंच म्हणाल्या. पण खाल्ली हिनं.

विश्रांतीला म्हणून ती माझ्याकडे आली. पहिल्या दिवशी ताट वाढलं तर तिनं ते बोटानं दूर सारलं. "बाई, मी खाऊन मारलं त्याले."

"असं नसते वं."

"हाव ना. भुकेनं आंधळी झालती मी. त्याचंबी मीच खाऊन टाकलं."

पर्समध्ये रिपोर्ट होता. तेव्हाच काढून तिच्यापुढं ठेवला असता तर? मी नाही ठेवला. नवरा तिला न्यायला येईल, घर तुटायला नको, हे माझ्या डोक्यात. पौष, माघ, फाल्गुन असे तीन महिने मी तिला समजावत राहिले, ओरडत राहिले, एकदा तर तोंड धरून घास कोंबला आणि तो तिनं माझ्याच अंगावर थुंकला. दर महिन्याला तिला यवतमाळला मनाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी गोळ्या दिल्या, त्या जेवणानंतर घ्यायच्या. जेवणच नाही तर नंतर कधी? त्यांनी विचारलं, कसं वाटतं? ती म्हणाली, ठीक हाये. एकदा दाखल करून घेतलं, चार सलाईन चढवल्या, आणि परत आली ती होती तशीच, फक्त हातावर निळे डाग घेऊन. आधी मोजे घालायची, आता अंगावर दोन स्वेटर घालून माझ्या मशीनशेजारी बसते. गिऱ्हाइकं तिच्याकडे पाहतात. एक जण तर म्हणाली, "तुमची बहीण कशी मेंटेन हाये नाई!" मी तिला माप न घेता परत पाठवलं.

नवऱ्याचा फोन आधी रोज यायचा, मग आठवड्यानं, मग नाहीच. होळी झाल्यावर सासू आली. सोबत बहिणीच्या साड्यांची बॅग होती. बराच वेळ सुनेच्या केसांवरून हात फिरवत रडली, मग मला म्हणाली, "पोरी, आता हिले तुह्यापाशीच राहू दे. माहं पोरगं लयच वाकलं वं." मी बॅग आत नेऊन ठेवली. जे घर वाचवायला मी खोटं बोलले होते ते असं दोन वाक्यांत संपलं.

आता लपवायचं कशासाठी? मला वाटलं, निदान त्या न झालेल्या लेकराच्या पापातून तरी हिला सोडवू. तीळ नाही, भूक नाही, तू कोणाला मारलं नाही, एवढं कळलं तर कदाचित एक घास घेईल. चैत्रातल्या एका दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढलं, ताटात अर्धी भाकर आणि बेसन वाढलं, आणि पर्समधून तो कागद काढून तिच्या मांडीवर ठेवला. सगळं सांगितलं. पडद्याआडचं माप सांगितलं, डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते सांगितलं, मी बाहेर येऊन काय बोलले तेही सांगितलं. माझ्या थोबाडीत मारली असती तर मला बरं वाटलं असतं. तिनं कागद सरळ केला, उलटा केला, परत दुमडला.

"म्हंजे लेकरू नोहतंच?"

"नोहतं वं. तू काहीच केलं नाई. कोनाले मारलं नाई."

तिनं ताटाकडे पाहिलं. मला आशा वाटली, खरंच वाटली.

"बाई, मंग मी कोनासाठी जेवत होती?"

उत्तर माझ्याकडे होतं. त्या दोन महिन्यांत लागलेली भूक तिची स्वतःची होती, दुसऱ्या कोणाची नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा तिचं अंग तिच्यासाठी मागत होतं, आणि ती देत होती, आणि त्यानं तिच्या गालाला रंग आला होता. यापेक्षा चांगली गोष्ट मला तिच्याबद्दल ठाऊकच नाही. मी तिचा हात धरला आणि म्हटलं, "तुह्यासाठी वं. तुलेच भूक लागलती."

तिनं माझ्याकडे पाहिलं. माझे दंड पाहिले, पोट पाहिलं, परत दंड पाहिले. हात सोडवून घेतला.

"एवढं सारं?" ती म्हणाली. "एवढं सारं मी एकटीनं, माह्यासाठी खाल्लं?" आणि लाजेनं तिनं पदरानं तोंड झाकून घेतलं.

तेव्हापासून ती पाणी प्यायचं असलं तरी मला विचारते.